थोरांची ओळख : नाना शंकरशेट

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, ३१ जुलै ही नाना शंकरशेट यांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने भित्तिपत्रकासाठी त्यांचे चरित्र लिहायचे काम गुरुजींनी माझ्याकडे दिले. मी सातवीत आहे. आधी मला वाटले, मुंबईच्या एवढ्या मोठ्या शेटजींचे आपल्याला काय? आपण बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरची लेकरं. पण वाचत गेले तसतशी या माणसाची ओळख पटत गेली. ती तुम्हांलाही करून देते.

नानांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेट. आडनाव मुरकुटे. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. ठाणे जिल्ह्यातले मुरबाड हे त्यांचे गाव. घराणे दैवज्ञ सोनारांचे. वडील शंकरशेट जवाहिऱ्यांचा आणि सावकारीचा मोठा व्यापार करीत. आई भवानीबाई नाना लहान असतानाच वारल्या. १८२२ मध्ये वडीलही गेले. तेव्हा नाना जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात सगळा धंदा त्यांच्या अंगावर पडला. दुसरा कोणी असता तर ऐषआरामात पैसा उडवून बसला असता. नानांनी मात्र धंदा नीट सांभाळला. त्यांची सचोटी एवढी होती, की अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसाअडका पेढीत न ठेवता नानांकडे ठेवीत. धंद्यात मिळवलेला हा विश्वासच पुढे सार्वजनिक कामात त्यांची खरी पुंजी ठरला.

त्या काळी एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते. एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढाव्यात, पुस्तके छापावीत म्हणून १८२२ मध्ये मुंबईत एक संस्था सुरू झाली. नाना तिचे खंदे आधार झाले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन विलायतेला परत निघाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या नावाने मोठा फंड जमवला. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. त्यातही नाना पुढे होतेच. १८२९ मध्ये सतीची चाल कायद्याने बंद झाली. तेव्हा जुन्या मताचे लोक रागावले, पण नाना कायद्याच्या बाजूने उभे राहिले.

आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. शिक्षण खाते पाहायला सरकारने एक मंडळ नेमले होते. नाना त्यात अनेक वर्षे सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष एर्स्किन पेरी यांचे मत असे, की शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. नानांना स्वतःला इंग्रजी उत्तम येत होते. तरी ते अध्यक्षांच्या विरुद्ध गेले. सर्वसामान्य रयतेच्या मुलांना ज्ञान द्यायचे तर ते त्यांच्याच भाषेतून दिले पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. जर्विस नावाचे एक इंग्रज अधिकारीही त्यांच्या बाजूने होते. वाद बराच रंगला. शेवटी खालचे शिक्षण मातृभाषेत आणि वरचे इंग्रजीत असा मार्ग राहिला.

हे मी घरी वाचून दाखवले, तेव्हा आजीने तिच्या वडिलांची आठवण काढली. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांत सगळे उर्दूतून शिकावे लागे. घरी मराठी, शाळेत उर्दू. तिच्या वडिलांना ते जमेना, म्हणून त्यांनी शाळा सोडली आणि ते गुरांमागे गेले. भाषा परकी असली की हुशार लेकरूसुद्धा मुकं होतं, असं आजी म्हणाली. आपण मराठीतून गणित आणि विज्ञान शिकतो, ते मला तरी त्या दिवसापर्यंत कधी मोठे वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढच्याच वर्षी मुंबईत दादाभाई नौरोजी यांच्यासारख्या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. पण मुलींच्या शाळेला जागा कोण देणार? लोक नावे ठेवीत. नानांनी गिरगावातल्या आपल्या राहत्या वाड्यातच जागा दिली. शेटजींच्याच घरात शाळा भरते म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडे हळूहळू बंद झाली.

आगगाडी आणण्यातही नानांचा हात होता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर त्यांनी १८४५ मध्ये रेल्वेसाठी खटपट सुरू केली. पुढे रेल्वे कंपनीच्या संचालकांत दोघांनाही घेतले गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. डबे १४ आणि पाहुणे सुमारे ४००. त्यांत नानाही होते. आपल्या बीड शहरात रेल्वे यायला मात्र १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला!

आता त्यांचे राजकारण पाहू. त्या वेळी मतदान नव्हते. आपल्या गावात सरपंच निवडतात तसे काही नव्हते. सरकार नेमील तोच सभासद. तेव्हा लोकांचे म्हणणे एकत्र मांडावे म्हणून २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही संस्था निघाली. नाना तिचे अध्यक्ष होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड चिटणीस होते. संस्थेने थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कायदे करताना इथल्या लोकांना विचारा, मोठ्या नोकऱ्या त्यांनाही द्या, अशी मागणी त्यात होती. १८५७ च्या उठावात सरकारला नानांचाच संशय आला. चौकशी झाली, पण पुरावा काही मिळाला नाही. १८६२ मध्ये मुंबईचे कायदेमंडळ भरले आणि त्यातल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. जी जागा दहा वर्षांपूर्वी अर्ज करून मागितली, तिथेच ते जाऊन बसले. कायदेमंडळाच्या हाती सत्ता थोडीच होती, शेवटचा शब्द गव्हर्नरांचाच. पण दार किलकिले झाले होते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांचा पुतळा आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांनी ती १९१२ मध्ये मिळवली होती.

शेवटी घरचीच गोष्ट सांगते. दसरा झाला की आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल या वर्षीही घेतलेली आहे. धाकट्या भावाला सांभाळायला यंदा मला बरोबर न्यायचे असे ठरत आले होते. गेलेली लेकरं पाडव्याला परत येतात तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. काही जण तर पुन्हा शाळेत बसतच नाहीत. मी हा लेख रात्री मोठ्याने वाचला. मुलींच्या शाळेचा भाग आला तेव्हा माझा आवाज जरा कापला. वडील काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि हंगामी वसतिगृहाचे गुरुजींना विचारून गेले. धाकट्याला आजी पाहील, असे आता घरात बोलणे चालू आहे. नक्की काय होते ते दसऱ्याला कळेल.

मित्रांनो, नानांजवळ वाडा होता, त्यांनी वाडा दिला. आपल्याजवळ वाडा नाही. पण आपल्या वर्गातले जे कोणी कारखान्यावर जाईल, त्याच्यासाठी आपण वही लिहून ठेवू शकतो. पाडव्यापर्यंतचा अभ्यास त्याला परत मिळेल. एवढे केले तरी पुण्यतिथी साजरी झाली असे मी समजेन.