लुई व्हिएर्न : नोत्र-दामचे ऑर्गनवादक

देवालयांत वाद्य वाजविणाराचें नांव भाविकांस क्वचितच ठाऊक असतें. तो वर सज्जांत, सर्वांच्या पाठीमागें बसलेला असतो. अशाच एका सेवकाचें चरित्र या जुबिली अंकांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लुई व्हिएर्न यांचा जन्म फ्रान्स देशांत प्वातिए येथें ता. ८ ऑक्टोबर १८७० रोजीं झाला. जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदू होते. बालपणीं शस्त्रक्रिया होऊन अंधुकशी दृष्टि आली, तेवढीच. पॅरिस येथील अंधशाळेंत ते शिकले. सेझार फ्रांक यांचे ते शिष्य. १८९० सालीं गुरु निवर्तल्यावर विदोर यांच्या हाताखालीं राहिले, आणि १९०० सालीं चढाओढींत निवडून येऊन नोत्र-दाम महामंदिराचे मुख्य ऑर्गनवादक झाले.

तें वाद्य आरिस्तीद काव्हाये-कोल यांनीं १८६८ सालीं नव्यानें बांधून पुरें केलें होतें. आपल्या पायपेटींत पितळेच्या पत्त्या कांपतात. तेथें नळ्यांत वारा घुमतो. सर्वांत लांब नळ्या बत्तीस फुटी. त्यांचा तळचा सूर सेकंदास सुमारें सोळा कंपनांचा. तो कानांस ऐकूं येण्यापेक्षां छातीस व बसल्या बांकासच अधिक जाणवतो.

व्हिएर्न यांच्या वांट्यास दुःखें फार आलीं. १९०६ सालीं रस्त्यांत पडून पाय मोडला, संसार मोडला, १९१३ सालीं एक पुत्र क्षयानें गेला, दुसरा महायुद्धाच्या काळांत, व १९१८ सालीं रणांगणावर धाकटा भाऊ. डोळ्यांच्या उपचारासाठीं स्वित्झर्लंडांत वर्षानुवर्षें राहावें लागलें. परत येतात तों लाडकें वाद्यही मोडकळीस आलेलें! पैसा जमविण्याकरितां त्यांनीं परदेशांत कार्यक्रम केले, १९२७ सालीं अमेरिकाही गांठली. आणि १९३२ सालीं दुरुस्त झालेल्या ऑर्गनचें उद्घाटन गुरु विदोर यांच्यासह केलें.

१९२८ सालीं ओडियन कंपनीनें त्यांचें वादन तबकड्यांवर घेतलें. तो तळचा सूर त्या काळच्या तबकडींत मावत नसे. आतां मावतो, परंतु घरचा स्पीकर लहान असला म्हणजे इमारतीचा पायाच काढून घेतल्यासारखें होतें. आमच्या धर्मग्रामांतील ज्या तरुणांनीं मोठाले सबवूफर आणिले आहेत, त्यांनीं लग्नाचीं गाणीं संपल्यावर एकदां व्हिएर्न यांच्या सहा ऑर्गन-सिंफनींपैकीं एखादी लावून पाहावी. शेजाऱ्यांचीं तावदानें थरथरलीं तर मात्र आमचें नांव सांगूं नये.

ता. २ जून १९३७ रोजीं नोत्र-दाममध्यें त्यांचा कार्यक्रम होता. शेजारीं शिष्य मोरिस द्युरुफ्ले उभे होते. ठरलेली रचना वाजवून झाली. दिलेल्या विषयावर आयत्या वेळीं वादन करावयाचें होतें. व्हिएर्न यांनीं सूरपट्ट्या निवडल्या, आणि ते एकाएकीं पुढें कोसळले. पाय तळच्या एका पट्टीवर पडला, व तो एकच सूर मंदिरांत घुमत राहिला. ऑर्गनपाशींच मरण यावें ही त्यांची इच्छा होती.

पुढें तबकड्यांवरील त्यांचीं तीन आयत्या वेळचीं वादनें द्युरुफ्ले यांनीं ऐकून ऐकून स्वरलिपींत उतरविलीं. ता. १५ एप्रिल २०१९ च्या आगींतून ऑर्गन वांचला. धूळ काढण्यासाठीं त्याचे भाग सुटे करून पुनः जोडावे लागले, आणि ता. ७ डिसेंबर २०२४ रोजीं पॅरिसच्या आर्चबिशपांनीं हांक देऊन त्यास जागें केलें.