बर्था पापेनहाइम : कोंडलेल्या मनाची कहाणी

आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसत आणि मनातले सल ओवीतून मोकळे करीत. ज्या घरात नोकरचाकर होते पण मन मोकळे करायला जागा नव्हती, तेथील एका मुलीची ही हकिगत आहे.

बर्था पापेनहाइम यांचा जन्म १८५९ साली व्हिएन्ना शहरात एका सधन, सनातनी ज्यू कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख, परंतु सोळाव्या वर्षी शाळा संपली. धाकटा भाऊ विद्यापीठात गेला आणि यांच्या हाती भरतकामाची सुई आली. कुलीन मुलीने कुरकुर करू नये, अशी तेथली रीत होती.

१८८० मध्ये वडील अंथरुणाला खिळले. रात्रीची शुश्रूषा बर्थांकडे आली. काही महिन्यांतच त्यांनीही अंथरूण धरले. खोकला हटेना, उजवा हात लुळा पडला, दृष्टी बिघडली. मातृभाषा जर्मन असताना कित्येक दिवस त्या केवळ इंग्रजीतच बोलत. १८८१ मध्ये वडील वारले, तेव्हा दुखणे अधिकच बळावले.

डॉक्टर योझेफ ब्रॉयर रोज त्यांचे बोलणे ऐकून घेत. दडपलेली एखादी आठवण सांगून झाली की एखादे लक्षण ओसरे, असे त्यांनी नोंदवले. ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथात ही रुग्णकथा ‘आना ओ.’ या टोपणनावाने आली आणि बोलण्यातून उपचार करण्याच्या पद्धतीचा तो आरंभ मानला गेला.

तथापि ग्रंथात लिहिल्याप्रमाणे बर्था तेव्हा पूर्ण बऱ्या झाल्या नव्हत्या. १८८२ नंतरही पाच वर्षे त्यांना वारंवार आरोग्यधामात राहावे लागले. त्यांचे दुखणे नेमके कोणते, यावर डॉक्टरांचे आजही एकमत नाही. म्हणून हात-पाय लुळे पडले तर ते मनाचेच समजून घरी बसू नये. आधी वैद्यकीय तपासणी करावी.

१८८८ मध्ये त्या आईसह फ्रँकफुर्टला आल्या आणि अनाथ मुलींच्या सेवेत रमल्या. १८९५ मध्ये अनाथालयाची धुरा त्यांच्याकडे आली. १९०४ मध्ये त्यांनी ज्यू महिला संघ स्थापला, १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग येथे कुमारी मातांसाठी व निराधार मुलींसाठी आश्रम काढला आणि स्त्रियांच्या विक्रीविरुद्ध जन्मभर झुंज दिली. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. ‘आना ओ.’ म्हणजे याच बाई, हे जगाला १९५३ साली कळले. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले, ते मात्र त्यांच्या समाजकार्याबद्दल.

भगिनींनो, बर्थाबाईंना आधी ऐकणारे कोणी मिळाले आणि मग स्वतःचे काम व सोबतिणी मिळाल्या. मंडळाच्या बैठकीत एखादी गप्प बसलेली दिसली, तर हिशेबाची वही क्षणभर मिटून तिच्याजवळ जाऊन बसावे.