एड्सगर डायक्स्ट्रा: ६४ गावांचा नकाशा आणि आजचे राउटर

कॉलेजच्या वाय-फायवरून तुम्ही मित्राला एक मेसेज पाठवता. तो कॅम्पसमधल्या एका राउटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत बाहेर पडतो. कुठल्या वाटेने जायचं हे कोण ठरवतं? मोठ्या कॅम्पसमध्ये, बँकांमध्ये आणि इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कमध्ये हे काम बऱ्याचदा ओएसपीएफ, म्हणजे ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट, हा प्रोटोकॉल करतो. त्याच्या पोटात जो हिशोब चालतो, तो १९५६ साली एका डच तरुणाने कॅफेत बसून, कागद-पेन्सिल हातात न घेता केला होता. त्याचं नाव एड्सगर डायक्स्ट्रा.

वकील व्हायचं होतं, झाले प्रोग्रामर

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरातला. वडील शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आई गणितज्ञ. मुलाला आधी कायदा शिकायचा होता. पण गणित आणि विज्ञानात उत्तम गुण पडले आणि गाडी लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळली. १९५१ मध्ये ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये प्रोग्रामिंगचा एक उन्हाळी कोर्स करून आले. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून कामाला लागले.

तेव्हा हा शब्द लोकांना माहीतच नव्हता. १९५७ मध्ये लग्नाची नोंद करताना त्यांनी व्यवसायाच्या रकान्यात प्रोग्रामर असं लिहिलं, तर नगरपालिकेने ते मान्य केलं नाही. असा काही व्यवसायच नसतो म्हणे! शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

वीस मिनिटांचं काम

लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गणित केंद्रात आर्माक नावाचा नवा कॉम्प्युटर तयार झाला होता आणि तो लोकांना दाखवायचा होता. बघायला येणाऱ्यांना गणितातलं काही कळणार नव्हतं. मग असा प्रश्न हवा होता, जो कुणालाही समजेल. डायक्स्ट्रा यांनी निवडला तो असा: एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कोणता?

होणारी बायको मारिया हिच्यासोबत ते ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले आणि तिथेच साधारण वीस मिनिटांत त्यांना पद्धत सुचली.

पद्धत सोपी आहे बघा. सुरुवातीच्या गावापासून सगळ्यात जवळचं गाव पक्कं करा. आता त्या गावातून पुढे गेल्यावर कुठली गावं आधीपेक्षा स्वस्तात पडतात ते तपासा. उरलेल्यांमधलं सगळ्यात जवळचं पुन्हा पक्कं करा. असं करत करत सगळी गावं संपवा. एकदा पक्कं केलेलं गाव पुन्हा उघडावं लागत नाही, कारण रस्त्याचं अंतर कधी उणे नसतं.

यातला एक तपशील लक्षात ठेवा. नेदरलँड्समध्ये गावं पुष्कळ होती, पण त्यांनी नकाशात फक्त ६४ घेतली, म्हणजे प्रत्येक गावाचा नंबर ६ बिटमध्ये बसतो. बाकीची सोडून दिली. हा अल्गोरिदम १९५९ मध्ये छापून आला, तोही जेमतेम तीन पानांत.

डोकं लहान आहे, हे मान्य करा

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी एका छोट्या टीमसोबत ऑपरेटिंग सिस्टिम बनवली, थरांवर थर रचून. वरच्या थराला खालच्या थराकडून काय मिळतं एवढंच माहीत, ते कसं मिळतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९६८ मध्ये त्यांनी प्रोग्राममध्ये कुठूनही कुठेही उडी मारणाऱ्या गो-टू या आज्ञेविरुद्ध पत्र छापलं आणि मोठा वाद पेटला. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणाचा गाभा हाच होता की माणसाच्या मेंदूत मावतं ते थोडंच. म्हणून प्रोग्रामरने नम्र राहावं आणि काम एका वेळी डोक्यात बसेल एवढ्या तुकड्यांत करावं.

मग ओएसपीएफमध्ये काय झालं?

डायक्स्ट्रा यांनी ओएसपीएफ बनवला नाही, हे आधी स्पष्ट करू. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली आणि दुसरी १९९१ मध्ये. ते काम इंटरनेटच्या इंजिनिअर मंडळींचं. पण त्यात प्रत्येक राउटर आसपासचा पूर्ण नकाशा जमवतो आणि त्यावर डायक्स्ट्रा यांचाच अल्गोरिदम चालवतो.

अडचण इथेच येते. नेटवर्क वाढलं की नकाशा वाढतो. कुठेतरी एक लिंक तुटली की सगळ्यांनी पुन्हा हिशोब करायचा. लांबच्या शाखेतला छोटा राउटर यात दमतो. म्हणून ओएसपीएफ नेटवर्कचे तुकडे पाडतो. त्यांना एरिया म्हणतात. मधला एरिया ० आणि बाकीचे त्याला जोडलेले. तपशीलवार नकाशा फक्त आपल्या एरियाचा.

त्याच्याही पुढचं पाऊल म्हणजे स्टब एरिया. ओएसपीएफच्या बाहेरून आलेले रस्ते इथे आत येतच नाहीत. त्याऐवजी सीमेवरचा राउटर आत एकच डिफॉल्ट राउट सोडतो: ०.०.०.०/०. अर्थ एवढाच की ज्याचा पत्ता तुझ्या यादीत नाही, ते माझ्याकडे दे. टोटली स्टबी एरियात तर दुसऱ्या एरियांचे रस्तेही अडवले जातात आणि जवळपास सगळी भिस्त या एका ओळीवर राहते.

तिसरा प्रकार एनएसएसए. हा स्टबसारखाच, पण याला स्वतःचा बाहेरचा दरवाजा असू शकतो, म्हणजे आतला एखादा राउटर दुसऱ्या नेटवर्कला जोडलेला असतो. त्यामुळे बाहेर जायची वाट सीमेवरूनच आहे असं गृहीत धरता येत नाही. सिस्कोच्या राउटरवर साध्या एनएसएसएमध्ये डिफॉल्ट राउट आपोआप येत नाही, सीमेवरच्या राउटरला तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती राहिली आणि दुसरीकडूनही डिफॉल्ट आला नाही, तर आतलं सगळं नीट चालतं, पण इंटरनेटकडे जाणारे पॅकेट टाकून दिले जातात. टोटली एनएसएसए केलं तर मात्र डिफॉल्ट राउट आपोआप येतो.

हे फुकट मिळत नाही. एरियाला बाहेर जायचे दोन दरवाजे असतील आणि दोन्हीकडून डिफॉल्ट येत असेल, तर राउटर स्वतःला जवळचा दरवाजा निवडतो. त्या दरवाजापासून पुढचा रस्ता लांबचा असला तरी त्याला ते दिसत नाही. आपल्या नकाशात उत्तर बिनचूक, पण पूर्ण प्रवास सगळ्यात छोटा असेलच असं नाही. नकाशातून काय गाळायचं हे माणसाने ठरवायचं. अल्गोरिदम दिलेल्या नकाशावरच चालतो, आर्माकवर चालला तसाच.

शेवटची वर्षं

१९८४ मध्ये डायक्स्ट्रा अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमध्ये गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले. कॉम्प्युटरशास्त्रात एवढं नाव, पण घरी टीव्ही नव्हता आणि मोबाइल त्यांनी कधी ठेवला नाही. लेख फाउंटन पेनने लिहायचे, प्रत्येकावर स्वतःच्या आद्याक्षरांसह नंबर टाकायचे. असे १३०० हून जास्त लेख झाले. त्याच्या झेरॉक्स ते मोजक्या सहकाऱ्यांना पाठवत. सहकारी आणखी झेरॉक्स काढून पुढच्यांना देत. ओएसपीएफमध्ये राउटर आपली माहिती शेजाऱ्याला देतो आणि शेजारी ती पुढे सरकवतो, अगदी तसंच.

६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्युनेन या गावी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा अल्गोरिदम अजून रोज चालतो. तुमच्या कॅम्पसमध्ये ओएसपीएफ असेल, तर एखादी लिंक तुटली की तुम्हाला कळायच्या आत राउटर पुन्हा सगळ्यात जवळच्या गावापासून मोजायला सुरुवात करतात.