सूर्यवादळांचा तक्ता ठेवणारे नानाभाई मूस

मुंबई-गोवा महामार्गावर दासगावजवळच्या एखाद्या वाडीत रुग्णवाहिका बोलावली, की चालक आधी मोबाइलवरचा नकाशा उघडतो. हा नकाशा सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या संदेशांवर चालतो. सूर्यावर वादळ उठले की या संदेशांच्या वाटेत अडथळे येतात. अशा वादळांच्या नोंदी अखंड राहाव्यात म्हणून याच जिल्ह्यात, अलिबागला, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक वेधशाळा उभी राहिली. तिच्यामागे होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. त्याच्या दोनच महिने आधी इतिहासातले सर्वांत प्रखर मानले जाणारे सूर्यवादळ पृथ्वीवर आदळले होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. तुलनेसाठी, मे २०२४ च्या मोठ्या वादळातली घसरण साधारण ४०० नॅनोटेस्लाची होती.

एडिंबरो विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन आलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. थोड्याच वर्षांत एक पेच उभा राहिला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विद्युतप्रवाहाने नाजूक चुंबकीय उपकरणे बिघडणार आणि १८४० च्या दशकापासून चालत आलेली नोंद निरुपयोगी होणार, हे स्पष्ट होते. मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेल्या साहित्याने बांधली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले, पण कुलाब्याची उपकरणे लगेच बंद झाली नाहीत. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झाले. त्यामुळे जुनी आणि नवी नोंद बिनचूक जोडता आली. ट्राम धावल्या १९०७ मध्ये.

१८४६ ते १९०५ या ६० वर्षांच्या नोंदींचा अभ्यास मूस यांनी १९१० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तापाच्या तक्त्यावरून डॉक्टर आजाराची चाल ओळखतो, तशी त्यांनी चुंबकीय वादळाची चाल मांडली: आधी छोटी उसळी, मग काही तासांची खोल घसरण आणि नंतर सावकाश पूर्वपदावर येणे.

वादळात सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे वळतात. तिथे वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर खवळतो. त्यातून येणारा उपग्रहाचा संदेश रेंगाळतो, लुकलुकतो, कधी तुटतोही. ध्रुवांवरून जाणाऱ्या विमानांना याची झळ अधिक. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले.

कोकण ध्रुवांपासून दूर आहे. इथे रस्ता शोधताना सहसा काही मीटरचाच फरक पडतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र विमान उतरवताना तेवढी चूकही चालत नाही. म्हणून भारताची 'गगन' यंत्रणा या थरामुळे होणारी चूक सतत मोजून दुरुस्त करते.

मूस १९३६ मध्ये निवर्तले. अलिबागची वेधशाळा आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडून चालवली जाते. १८५९ चे वादळ किती मोठे होते हे सांगताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही मुंबईच्या त्या जुन्या आकड्यांकडे वळतात. पुढच्या मोठ्या वादळाची तयारी किती ठेवायची, याचा अंदाज अशाच न तुटलेल्या नोंदींवरून बांधता येतो.