कोरियातून फौज परत आणणारा सेनानी

परक्या देशात फौज पाठविणे सोपे असते. ती वेळेवर आणि अब्रूने परत आणणे कठीण असते. हे कठीण काम आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावच्या शंकरराव थोरात यांनी सत्तर वर्षांपूर्वी करून दाखविले. चीनच्या आक्रमणाआधी इशारा देणारे सेनानी एवढीच त्यांची ओळख आम्ही ठेवली. कोरिया मात्र विसरलो.

१९०६ साली जन्मलेले थोरात सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये लष्करी अधिकारी झाले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईतील शौर्याबद्दल त्यांना डीएसओ मिळाला. लढाईला भिणारा हा माणूस नव्हता.

१९५० मध्ये एकाच कोरियन समाजाचे दोन तुकडे एकमेकांवर तुटून पडले, बाहेरच्या सत्ता त्यात उतरल्या. जुलै १९५३ मध्ये युद्ध थांबले, तेव्हा सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांचे करायचे काय? जनरल थिमय्यांच्या अध्यक्षतेखाली तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व थोरातांकडे आले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आमच्या जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.

२५ सप्टेंबरला कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआत ओढून नेले. थोरात निःशस्त्र आत शिरले, कैद्यांशी बोलले आणि मेजरला सोडवून घेऊन आले. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र जवानांना गोळी चालवावी लागली, काही कैदी मेले. हे लपविण्याचे कारण नाही. पण कत्तल होऊ शकली असती, ती झाली नाही.

मायदेश की परका देश, हे कैद्यांनी स्वतः ठरवायचे होते. पण छावण्यांत त्यांच्यातल्याच म्होरक्यांची दहशत होती. बहुतेकांना समजावून सांगण्याचे काम झालेच नाही आणि मुदत संपली. भारताने मुक्काम लांबविला नाही, कैद्यांचा निकालही स्वतः दिला नाही. जानेवारी १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे कैदी तिच्याच हवाली केले आणि फेब्रुवारीपासून दल परतू लागले. कोणत्याच बाजूला जायचे नसलेले ८८ जण आमच्या जवानांसोबत भारतात आले. थोरातांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळाले.

पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, आमच्या बांद्याच्या वेशीवर पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. समोर नि:शस्त्र माणसे असताना बंदूकवाल्याने काय करायचे, याची ही दोन उत्तरे आहेत.

थोरात १९९२ मध्ये गेले. २०२३ मध्ये मालीच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला देशाबाहेर जायला लावले. फौजेने कधी निघावे हा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणून थोरातांच्या लढायांबरोबर त्यांचे परतणेही आमच्या मुलांना शिकवले गेले पाहिजे.