नामदार गोपाळ कृष्ण गोखले

नामदार गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक ह्या गांवीं झाला. लहानपणींच पितृछत्र हरपलें. वडील बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची चाकरी पतकरिली आणि त्यांतले आठ रुपये धाकट्या भावास शिक्षणासाठीं धाडिले. असा एखादा गोविंदराव आजहि पुष्कळ घरीं असतो. त्याचें नांव मात्र कोणी लिहून ठेवीत नाहीं. १८८४ सालीं गोपाळराव बी. ए. झाले. पुढें त्यांनीं पुण्यास १९०२ पर्यंत अल्प वेतनावर अध्यापन केलें. न्यायमूर्ति रानडे हे त्यांचे गुरु.

अशा शांत गृहस्थाच्या वांट्यास मोठा अशांत काळ आला. १९०५ सालीं बंगालची फाळणी झाली. त्याच वर्षीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला व बनारसच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद भूषविलें. स्वराज्य सनदशीर खटपटीनें मिळवावयाचें कीं बहिष्काराच्या जोरावर, ह्या वादानें मवाळ व जहाल असे दोन तट पडले. आमच्या वऱ्हाडांतहि तेंच झालें. अमरावतीचे रावसाहेब मुधोळकर मवाळ, तर त्याच गांवचे दादासाहेब खापर्डे लोकमान्य टिळकांचे कट्टर साथीदार. १९०७ चें अधिवेशन नागपुरास भरावयाचें, तें कलहामुळें सुरतेस नेलें. पण कलहहि बरोबरच गेला. भर मंडपांत जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, आणि संतप्त लोक व्यासपीठावर उभ्या असलेल्या टिळकांच्या अंगावर धांवले. तेव्हां दोन्ही बाहू पसरून त्यांस पाठीशीं घालणारे गृहस्थ प्रतिपक्षाचे गोखलेच होते! सभा मात्र दुभंगली. पुढील वर्षीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले.

ह्या पडझडींत गोखल्यांनीं कायदेमंडळांतील आपलें काम सोडलें नाहीं. १९०९ च्या सुधारणांसाठीं त्यांनीं विलायतेंत पुष्कळ खटपट केली होती. कायदेमंडळें वाढलीं, सत्ता मात्र सरकारच्याच हातीं राहिली. मग त्यांनीं मुळालाच हात घातला. मार्च १९११ मध्यें त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेंत पाठविणें सक्तीचें करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस द्यावा, एवढीच त्यांत मागणी. तीहि १९१२ सालीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळली गेली. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशांत व्हावयास २००९ साल उजाडलें! आमच्या मतें त्यांच्या साऱ्या कार्यांत हें हरलेलें बिलच श्रेष्ठ होय.

१९१४ सालीं टिळक सुटून आले आणि समेटाची बोलणीं सुरू झालीं. बेझंटबाईंनीं मध्यस्थी केली. गोखले प्रथम अनुकूल होते. परंतु टिळकांच्या हेतूविषयीं शंका येऊन ते मागें सरले. येथें त्यांचें नेहमींचें औदार्य कमी पडलें असें आम्हांस वाटतें. प्रकृति तर ढासळलेलीच होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. वार्ता कळतांच टिळक सिंहगडावरून पुण्यास आले व स्मशानांत त्यांनीं आपल्या प्रतिपक्ष्याच्या गुणांचा मुक्तकंठानें गौरव केला.

त्यानंतर दहा महिन्यांनीं मुंबईच्या अधिवेशनांत नियम बदलून जहालांस दार उघडण्यांत आलें, आणि १९१६ च्या डिसेंबरांत लखनौस दोन्ही पक्ष नऊ वर्षांनीं एका मंडपांत बसले.