सॅम्युएल प्लिमसॉल

मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या बाजूवर तुम्हांस एक वर्तुळ व त्यास छेदणारी आडवी रेघ दिसेल. जहाज पाण्यात किती खोल जाईपर्यंत माल भरावा, हे ती रेघ सांगते. ही रेघ जहाजांवर यावी म्हणून झगडलेले पुरुष म्हणजे सॅम्युएल प्लिमसॉल.

त्यांचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. लहान वयातच शाळा सुटली. कारकुनी करीत ते एका कारखान्याचे व्यवस्थापक झाले. पुढे लंडनमध्ये त्यांनी कोळशाचा व्यापार आरंभिला. पण त्यात जबर खोट आली. तेव्हा काही काळ त्यांना कंगालांच्या वस्तीत राहावे लागले. तेथील माणसांचा त्यांना कधीच विसर पडला नाही. पुन्हा नेटाने धंदा उभारून ते संपन्न झाले व १८६८ साली डर्बी शहरातर्फे पार्लमेंटमध्ये निवडून गेले.

त्या काळी काही जहाजमालक जुनाट, कुजकी जहाजे बेसुमार लादून समुद्रात पाठवीत. जहाजाचा विमा उतरविलेला असे; त्यामुळे ते बुडाले तरी मालकास झळ लागत नसे. प्राण जात ते गरीब खलाशांचे. करार केलेल्या खलाशाने अशा जहाजावर चढण्याचे नाकारले, तर त्यालाच तुरुंगवास घडे! प्लिमसॉल यांनी पुस्तक लिहून हा प्रकार उघडकीस आणला. चिडलेल्या मालकांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे दावे लावले.

२२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचे विधेयक बाजूस ठेवल्याचे जाहीर केले. प्लिमसॉल यांचा तोल सुटला. भर सभागृहात त्यांनी काही सभासदांना अपशब्द वापरले आणि त्यांना बाहेर जावे लागले. आठवड्याने त्यांनी भाषेबद्दल क्षमा मागितली. सभेची शिस्त त्यांनी मोडली, हे खरेच. परंतु देशभर लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले व १८७६ साली कायदा झाला.

त्यात एक मोठी उणीव होती. रेघ कोठे काढावी, हे मालकावरच सोपविले होते! १८८० साली प्लिमसॉल पुन्हा निवडून आले. पण मंत्रिपदावरील हारकोर्ट यांच्या हातून खलाशांचे अधिक हित होईल, या आशेने त्यांनी आपली जागा त्यांना दिली. रेघेची जागा कायद्याने ठरण्यास १८९० साल उजाडले.

१८९८ साली फोकस्टन येथे प्लिमसॉल यांचे निधन झाले. १९३० साली अनेक राष्ट्रांनी करार करून ती रेघ आपल्या जहाजांसाठी स्वीकारली.